शेजारणीचा खून, नवराबायकोची खुसपुसखुसपुस आणि जुन्या डिटेक्टिव्ह पिक्चरांना सलाम

परळकरीण:
‘मॅनहॅटन मर्डर मिस्टरी’ कोणाकोणाला आठवतोय? १९९३चा, दिग्दर्शक वुडी ॲलन, नवराबायकोची कामं तो आणि डायेन कीटन. परवा परत पाहिला आणि डोक्यातून जातच नाहीये म्हणून हा धागा. (पुढे स्पॉयलर आहेत. तीस वर्षं होऊन गेली पिक्चरला, आता ओरडायचं नाही.)

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लॅरी आणि कॅरल, लग्नाला बरीच वर्षं झालेलं जोडपं, मुलगा मोठा झालाय. तिने त्याच्याबरोबर हॉकीची मॅच सहन करायची आणि मग त्याने तिच्याबरोबर ऑपेरा, असा समजुतीचा संसार. शेजारची बाई हार्ट अटॅकने जाते आणि तिचा नवरा फारच लवकर सावरतो. झालं, कॅरलच्या डोक्यात किडा. यानेच मारलं. लॅरी म्हणतो झोप आता. ती झोपत नाही, त्या माणसाच्या घरातच घुसते. आणि त्यांचा एक मित्र (ॲलन आल्डा) तिच्याबरोबर हेरगिरी करायला एका पायावर तयार आहे म्हटल्यावर आमच्या लॅरीलाही अचानक केसमध्ये रस वाटायला लागतो.

जुन्या डिटेक्टिव्ह सिनेमांना यात उघड सलाम आहे. ही मंडळी ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) बघून येतात, आणि शेवटची मारामारी जुन्या थिएटरात पडद्यामागे होते, पडद्यावर ऑर्सन वेल्सचा ‘द लेडी फ्रॉम शांघाय’ (१९४७) चालू, तिकडे आरशांत गोळीबार आणि इकडेही आरशांत गोळीबार.

माझं म्हणणं असं की खून कोणी केला यात मला काडीचा रस नव्हता. नवराबायको पुन्हा रात्री जागून एकमेकांशी बोलायला लागतात, त्यासाठी एक खून लागला, इतकंच. तर प्रश्न असा की असा पिक्चर मुंबईत काढायचा झाला तर जमेल का? आणि सलाम कुठल्या जुन्या सिनेमांना ठोकायचा?

मालाड_स्लो:
नाही जमणार. मुंबईत शेजारी मेला तर डॉक्टरच्या आधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला कळतं. वॉचमन, दूधवाला, कामवाली मावशी, खालचा इस्त्रीवाला. मावशी त्याच मजल्यावर तीन घरं करतात, सकाळी नऊच्या आत त्यांना खुनी, कारण आणि दागिने कुठे गेले सगळं माहीत असणार. पिक्चर पंधरा मिनिटांत संपेल.

टवाळ_पार्टी:
मग मावशींनाच डिटेक्टिव्ह करा की. इन्स्पेक्टर येतो तेव्हा मावशी म्हणणार जरा पाय वर घ्या साहेब, लादी ओली आहे. पुरावा पुसून टाकला तेही तिथेच.

चाळकरी:
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). चाळीत तर अजून कठीण. कॉमन गॅलरीतून अंगावर चादर घेतलेलं प्रेत कसं नेणार, वाटेत सात जण विचारणार गादी पिंजायला टाकली का म्हणून.

निशाचर:
धागाकर्तीशी शंभर टक्के सहमत आणि पुरावा देतो. ‘द बिग स्लीप’. बोगार्ट आणि लॉरेन बकॉल, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स. पिक्चर १९४५ लाच तयार होता, पण युद्ध संपत आलं होतं म्हणून स्टुडिओने आधी युद्धाचे पिक्चर बाहेर काढून घेतले आणि हा डब्यात राहिला. तेवढ्यात बोगार्ट-बकॉलचं खरंच लग्न झालं, लोकांना ही जोडी बघायची होती, आणि बकॉलच्या एजंटने मालकांच्या मागे लागून दोघांचे नवे सीन शूट करवून घेतले. त्या नव्या सीनमध्ये हॉटेलात बसून दोघं रेसच्या घोड्यांबद्दल बोलतात, म्हणजे घोड्यांबद्दल अजिबात बोलत नाहीत, सेन्सॉरला काही धरता येत नाही आणि थिएटरात सगळ्यांना सगळं कळतं. नवे सीन घालायला केसचा उलगडा करणारे जुने सीन कापले. १९४६ला तो पिक्चर आला, गोष्ट कोणाला नीट समजली नाही आणि धो धो चालला.

शिवाय तो प्रसिद्ध किस्सा, की ड्रायव्हरला कोणी मारलं हे पटकथेवाल्यांना कळेना म्हणून मूळ कादंबरीकार चँडलरला विचारलं तर त्यालाही सांगता येईना. म्हणजे बघा, ज्या पिक्चरला आज लोक डिटेक्टिव्ह सिनेमाचा बाप मानतात त्यातच रहस्य कापून रोमान्स घातलाय. वुडीने वेगळं काय केलं.

टवाळ_पार्टी:
घोड्यांवरून रोमान्स म्हणजे आमच्या महालक्ष्मीला ऐंशी वर्षांपूर्वीच आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला असता, कोणी कॅमेरा नेला नाही.

धोंडोपंत_दादर:
मी विरोधी पक्षात. हे ‘रहस्याला महत्त्व नाही’ म्हणणं हल्ली फॅशन झाली आहे. खुनी कोण हे जर आधीच समजलं किंवा समजून काही फरक पडला नाही तर मी तिकीट कशाला काढू, घरी आमची गडबड बघायला फुकट मिळते. आम्ही बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचून मोठे झालो. हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्या माणसाने. झुंजार, काळा पहाड हे त्याचे हिरो. लायब्ररीतून पुस्तक आणायचं आणि शेवटची पानं कोणीतरी फाडून ठेवलेली असली की आठवडाभर जेवण जायचं नाही. ती तळमळ नसेल तर डिटेक्टिव्ह हे नाव लावू नये. सरळ प्रेमकथा म्हणा.

परळकरीण:
धोंडोपंत, तळमळ पाहिजेच. पण मला तळमळ कॅरलबद्दल होती, की ही त्या मित्राबरोबर जाते की काय. तोही सस्पेन्सच की.

धोंडोपंत_दादर:
तो संशय. सस्पेन्स वेगळा. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली की फरक समजतो.

मीनल_ठाणे:
नवराबायको डिटेक्टिव्हचा मूळ पुरुष, म्हणजे मूळ जोडपं, ‘द थिन मॅन’ १९३४. कोणीच कसं नाव काढलं नाही? निक आणि नोरा, विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय. डॅशिएल हॅमेटची कादंबरी. निक रिटायर झालेला डिटेक्टिव्ह, नोरा पैसेवाली, दोघं दिवसभर पितात आणि एकमेकांची टिंगल करतात, मधेमधे खून सोडवतात. आणि कुत्रा आस्टा. तो पुस्तकात श्नाउझर कुत्री होता, सिनेमात फॉक्स टेरियर कुत्रा झाला.

गंमत म्हणजे थिन मॅन हा डिटेक्टिव्ह नव्हेच, पहिल्या पिक्चरमध्ये जो बेपत्ता होतो तो सडपातळ माणूस. पण लोकांनी निकलाच थिन मॅन म्हणायला सुरुवात केली आणि मग स्टुडिओनेही पुढच्या पाचही भागांच्या नावात तो थिन मॅन ठेवला. १९४७पर्यंत एकूण सहा सिनेमे. मला स्वतःला त्यातला एकही खुनी आठवत नाही. नोराचे चेहरे सगळे आठवतात. एवढं प्रेम आणि झोपायला मात्र दोन वेगळे पलंग, सेन्सॉरच्या धाकाने.

टवाळ_पार्टी:
वेगळे पलंग ठेवायला मुंबईत सेन्सॉर लागत नाही, दहा बाय दहाची खोली आणि सासूबाई पुरे.

जुनं_तिकीट:
मूळ प्रश्नाकडे येतो. मुंबईत असा पिक्चर ‘जमेल का’ असं काय विचारता, जमून सत्तर वर्षं झाली. १९५६, ‘सी.आय.डी.’ निर्माता गुरुदत्त, दिग्दर्शक राज खोसला, आणि वहिदा रेहमानचा पहिला हिंदी पिक्चर. सुरुवातीलाच पेपरच्या संपादकाचा खून. इन्स्पेक्टर देव आनंद, आणि हिरॉईन शकिला कोण, तर पोलीस कमिशनरची मुलगी! ही रोमँटिक कॉमेडी नाही तर काय आहे. साक्षीदार कोण, तर जॉनी वॉकर, खिसेकापू. केस चालू असताना साहेब हिरॉईनच्या मागे मागे गाणं म्हणत फिरतायत. मुंबईची ओळख म्हणून आपण आजही जे गाणं गुणगुणतो ते याच पिक्चरमधलं आणि ते जॉनी वॉकरवर आहे, हिरोवर नाही.

तर मुद्दा असा की हॉलिवूडला आधी काळेकुट्ट गंभीर डिटेक्टिव्ह सिनेमे काढावे लागले, मग त्यांची प्रेमाने थट्टा करणारे वेगळे काढावे लागले. आपल्याकडे दोन्ही एकाच तिकिटात होतं. ‘बाजी’ (१९५१) घ्या, ‘आर पार’ (१९५४) घ्या, ‘हावड़ा ब्रिज’ (१९५८) घ्या. खून, क्लब, गाणं, विनोदी मित्र, सगळं. जे आधीच चेष्टेखोर आहे त्याला चेष्टेने सलाम कसा करणार? म्हणून आपल्याकडे असले पिक्चर निघत नाहीत.

निशाचर:
हे आवडलं पण अर्धंच पटलं. जुन्या हिंदीत रोमान्स आणि खून शेजारी शेजारी राहतात, एकत्र स्वयंपाक नाही करत. देव आनंद शकिलासमोर गातो तेव्हा केस थांबलेली असते. कॅरल आणि लॅरी यांचं भांडणच केसवरून आहे, केस पुढे सरकली की संसार पुढे सरकतो. हा फरक मोठा आहे.

मीनल_ठाणे:
+१ निशाचर. त्या अर्थाने आपल्याकडचं सगळ्यात जवळचं उदाहरण ‘करमचंद’ (१९८५). गाजर खाणारा डिटेक्टिव्ह पंकज कपूर आणि त्याची असिस्टंट किटी. तिला गप्प केल्याशिवाय त्याला खुनी सापडायचाच नाही. लहानपणी हसायचो, आता बघताना वाटतं किटीने एकदा तरी त्याला शट अप म्हणायला हवं होतं.

चाळकरी:
अवांतर: जॉनी वॉकर आधी बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होता. आणि धागाकर्तीच्या पिक्चरमध्ये मेलेली शेजारीण कॅरलला कुठे दिसते, तर बसमध्ये! बघा जुळतंय की नाही. मुंबई व्हर्जनमध्ये मेलेली बाई डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटला बसलेली दिसली पाहिजे आणि आपली हिरॉईन खाली गर्दीत पुढे सरका पुढे सरकामध्ये अडकलेली.

मालाड_स्लो:
अहो स्पॉयलर!!! ती मेलेली बाई जिवंत आहे??

परळकरीण:
सुरुवातीला लिहिलं होतं मी ओरडायचं नाही म्हणून. आणि जिवंत म्हणजे... जाऊ दे, बघाच तुम्ही.

धोंडोपंत_दादर:
बघा, रहस्याला महत्त्व नाही म्हणणाऱ्यांच्या धाग्यावर पहिली बोंब रहस्य फुटल्याचीच.

बोरीबंदर_बाबू:
सलामाचा एक अचाट नमुना सांगतो, ‘डेड मेन डोन्ट वेअर प्लेड’, १९८२. स्टीव्ह मार्टिन डिटेक्टिव्ह, रेचेल वॉर्ड त्याच्याकडे आलेली सुंदर अशील. पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट, आणि चाळीसच्या दशकातल्या खऱ्या सिनेमांचे तुकडे कापून मधे बसवलेत. म्हणजे स्टीव्ह मार्टिन फोन लावतो आणि पलीकडून उचलतो खुद्द बोगार्ट. हिरोला गोळी लागली की रेचेल ती दातांनी काढते, रोमान्स म्हणा किंवा फर्स्ट एड म्हणा. जुन्या तुकड्यांशी कपडे जुळायला हवेत म्हणून कपडे एडिथ हेडने केले, तो तिचा शेवटचा सिनेमा. आणि संगीत मिक्लोश रोझाचं, ज्याने १९४४ला खऱ्या ‘डबल इन्डेम्निटी’ला संगीत दिलं होतं, त्याचंही हे शेवटचं काम. थट्टा करायची तर अशी, मूळ घरातल्या माणसांना हाताशी धरून.

हाच प्रयोग इथे कराच कोणीतरी. आजचा हिरो इराण्याकडे चहा सांगतो आणि समोरच्या खुर्चीवर जुना व्हिलन के. एन. सिंग सिगरेट ओढतोय.

टवाळ_पार्टी:
हक्क कोणाकडे आहेत हे शोधता शोधता डिटेक्टिव्हला रिटायरमेंट येईल. तोच पिक्चर काढा.

रिळवाला:
फार वर्षं सिंगल स्क्रीनच्या केबिनमध्ये काढलीयत म्हणून पडद्यामागच्या सीनबद्दल लिहितो. लोकांना वाटतं पडदा म्हणजे चादर. पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, कारण स्पीकर पडद्यामागे असतात आणि आवाज त्या भोकांतून येतो. मागे उभं राहिलं की चित्र दिसतं पण उलटं, डाव्याचं उजवं, आणि आवाज छातीत आदळतो, संवाद कळायच्या आधी हाडात कळतो. त्यामुळे तिथे मारामारी ठेवणं ही फार डोकेबाज कल्पना आहे. हिरोला खुनी कुठून येतोय ते ऐकूच येणार नाही. आणि आरशांचा सीन मागून बघितला तर उलट्याचं उलटं.

मुंबईत कुठे करावं विचाराल तर माझं मत लिबर्टी. १९४९चं थिएटर, आतलं लाकूडकाम अजून डोळे भरून बघावं असं. किंवा रीगल, ते १९३३चं. मल्टिप्लेक्समध्ये पडद्यामागे माणूस शिरेल एवढीही जागा नसते, खून तर सोडा, भांडणसुद्धा होणार नाही.

परळकरीण:
रिळवाला, या एका प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला. अजून लिहा ना केबिनबद्दल. रात्रीचा शेवटचा शो झाल्यावर खरंच कधी कोणी मागे सापडलंय?

रिळवाला:
सापडायचे. बहुतेक जोडपी. एकदा एक गृहस्थ घोरताना. खुनी नाही.

निशाचर:
आरशांसाठी थिएटरच कशाला, इराणी हॉटेल आहे की. भिंतभर आरसे, कडेला काळ्या लाकडाच्या खुर्च्या, आणि गल्ल्यावरच्या शेठला मान न वळवता मागच्या टेबलावर कोण काय करतंय ते दिसतं. नवराबायको कोपऱ्यात बसून बनमस्का खातायत आणि समोरच्या आरशात संशयिताच्या मागच्या आरशात अजून कोणीतरी. बंदूक नकोच. शेवटी शेठच ओरडणार, मारामारी बाहेर करो.

मीनल_ठाणे:
मला तर मुंबईची खरी डिटेक्टिव्ह वस्तू म्हणजे जुन्या बिल्डिंगची जाळीची लिफ्ट वाटते. त्या अमेरिकन सिनेमांत खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या माणसाच्या तोंडावर पडतात ना, तशा आपल्याकडे जाळीच्या पडतात, आणि लिफ्ट वर जाताना सावल्या आपोआप हलतात. फोर्ट, ग्रँट रोड, दादर पारशी कॉलनी, अजून आहेत. आणि लॅरीला बंद जागेची भीती असते, तो लिफ्टमध्येच अडकतो, आणि वरून काय खाली येतं ते लिहीत नाही, मालाडकर रागावतील.

श्रीराम राघवनच्या ‘मेरी ख्रिसमस’मध्ये (२०२४) तसली जुनी मुंबई थोडी दिसली होती, मुंबईला बॉम्बे म्हणायचे तेव्हाची एक रात्र, मूळ गोष्ट फ्रेंच कादंबरीवरून. पण तो सावकाश उदास होत जाणारा सिनेमा आहे, खळखळून हसवणारा नाही.

जुनं_तिकीट:
राघवनचं नाव निघालंच तर ‘अंधाधुन’ (२०१८). छायागीत आणि चित्रहारला अर्पण केलाय तो. आणि अनिल धवनला जुना हिरो म्हणूनच घेतलाय, त्याचीच जुनी गाणी वाजवत. सलाम असा करायचा असतो, नट आणून बसवायचा, नुसती हॅट घालून सिगरेट ओढून चालत नाही. पण तो घडतो पुण्यात.

टवाळ_पार्टी:
पुण्यात दुपारी एक ते चार खून केला तर कोणी दारच उघडत नाही, साक्षीदार शून्य. म्हणून तिथे जमलं.

मालाड_स्लो:
आला, पुणे आलं. आता शंभर प्रतिसाद पक्के.

बोरीबंदर_बाबू:
पुण्याला वेगळा धागा. अजून एक मुद्दा राहतोय, दारू आणि संगीत. ‘थिन मॅन’मध्ये एवढी दारू का, तर अमेरिकेतली दारूबंदी १९३३च्या डिसेंबरात उठली आणि पिक्चर आला ३४ला, सगळा देश तहानलेला. आपल्याकडे उलटं. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा, म्हणजे पन्नासच्या दशकात जेव्हा देव आनंद क्लबमध्ये बसायचा तेव्हा खऱ्या मुंबईत परमिट नाहीतर आंटीचा चोरटा अड्डा. पडद्यावरचे ते चकचकीत क्लब म्हणजे अर्धं स्वप्नच. आणि त्या क्लबमधलं संगीत वाजवणारे आपले गोव्याचे लोक, ओ. पी. नय्यरची गाणी अरेंज करणारे सेबॅस्टियन डिसोझा वगैरे. मुंबईत हा पिक्चर काढाल तर हिरो नको, एक म्हातारा ट्रम्पेटवाला पाहिजे जो खुनाच्या रात्री खालच्या मजल्यावर रियाज करत होता.

चाळकरी:
आणि सोसायटीने त्याला रात्री दहानंतर वाजवतो म्हणून नोटीस दिली होती, तीच ॲलिबाय.

निशाचर:
चाळकरी, हे भारी आहे, खरंच लिहा हे.

प्रकाशयोजनेवरून आठवलं, ‘डबल इन्डेम्निटी’च्या वेळी खोलीतल्या उन्हात धूळ तरंगताना दिसावी म्हणून कॅमेरामन जॉन सायट्झने ॲल्युमिनियमची बारीक पूड हवेत उडवली होती.

मालाड_स्लो:
आमच्याकडे मेट्रोचं काम चालू आहे, पूड फुकट. युनिटला चहा मी देतो.

काडेपेटी:
सगळं ठीक आहे, पण त्या वुडी ॲलनचं एवढं कौतुक करताना त्याच्यावरचे आरोप विसरायचे का?

परळकरीण:
विसरले नाहीये. हा पिक्चर ऐन त्याच काळात झाला, भूमिका त्याची तेव्हाची जोडीदार मिया फॅरो हिच्यासाठी होती, त्यांचं सगळं फाटल्यावर कीटन आली. माझ्यासाठी पिक्चर कीटनचा आहे, तिच्या जागी दुसरी कोणी असती तर मी शेवटपर्यंत बसले नसते. ज्यांना बघवत नाही त्यांचं मला पूर्ण समजतं. वेगळा धागा काढा, तिथे येते मी.

धोंडोपंत_दादर:
ज्यांना तो नको त्यांनी ‘शराड’ बघावा, १९६३, कॅरी ग्रँट आणि ऑड्री हेपबर्न. पॅरिस, खून, लपवलेला पैसा आणि प्रत्येक वेळी नाव बदलणारा हिरो. यात शेवटपर्यंत कळत नाही की हा गृहस्थ चोर की साव, आणि ती मात्र त्याच्या प्रेमात पडत चाललीये, म्हणजे प्रेम आणि रहस्य एकच प्रश्न आहे. हे मला मान्य. अमेरिकेत तर प्रिंटवर कॉपीराइटची सूचना नीट छापायची राहिली म्हणून तो लगेच सगळ्यांसाठी खुला झाला, नेटवर सहज सापडतो. सौ.ना घेऊन बसलो होतो. तिने अर्ध्यात खुनी ओळखला.

मीनल_ठाणे:
म्हणजे पंत, तुमच्याच घरात नोरा आहे की!

धोंडोपंत_दादर:
आहे. अर्नाळकरांची शेवटची पानंही लायब्ररीत तीच फाडत असणार असा माझा जुना संशय आहे, तिचं माहेर गल्लीतच होतं.

परळकरीण:
पंत!! हा पिक्चर झाला ना आता. लायब्ररी, फाटलेली पानं, चाळीस वर्षांनी नवऱ्याला आलेला संशय आणि बायको उत्तर द्यायला तयार नाही. सलाम अर्नाळकरांना, सी.आय.डी.ला नाही. जुनं_तिकीट म्हणतात तसं सिनेमांची थट्टा आधीच झालीये, पण आपल्या पॉकेटबुकांची कोणी नाही केली, आणि मुंबईतले अर्धे आजोबा त्यावरच वाढलेत. निशाचर, चाळकरी, बोला.

चाळकरी:
मी ट्रम्पेटवाला सोडणार नाही.

जुनं_तिकीट:
ट्रम्पेटवाला ठेवा, लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर. पण लायब्ररी गिरगावात हवी, दादरला नको.

धोंडोपंत_दादर:
दादरलाच. आणि सौ. विचारते आहे, तिची भूमिका कोण करणार.